मयताला सगळे येतात, वास्तुशांतीला तोंडं का फिरतात?

सुरंगी
वाडीत कुणी गेलं की वर्षानुवर्षं बोलणं नसलेले भाऊबंदसुद्धा लाकडं फोडायला हजर. त्याच घरात पुढच्या वर्षी वास्तुशांत निघाली की यांना नेमकं तालुक्याला काम निघतं. म्हणजे माया आटलेली नाही. मग रोजच्या वागण्यात ती का उतरत नाही? ‘मन मोठं करा’ एवढंच सांगू नका, ते कीर्तनात ऐकून झालंय. अडतं कुठे आणि करायचं काय, ते हवंय.

खाजणकाठ
पतंजलींच्या योगसूत्रांत पहिल्या पादातलं ३३ वं सूत्र नेमकं यावरच आहे. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्यवानाबद्दल मुदिता (म्हणजे आनंद) आणि वाईट वागणाऱ्याबाबत उपेक्षा. चार तऱ्हेच्या माणसांसाठी चार वेगळ्या वृत्ती. आपण सगळ्यालाच ‘प्रेम’ म्हणतो आणि एकाच मापाने मोजतो.

यातली करुणा त्यातल्या त्यात सोपी. समोरचा कोसळलेला असतो, आपलं काही कमी होत नसतं. सुखी माणसाशी मैत्री अवघड, कारण तिथे तुलना येते. आणि तुलना परक्याशी होत नाही. मुंबईच्या शेठने किनाऱ्यावर बंगला बांधला तर लोक बघायला जातात. एकाच सातबाऱ्यावर नाव असलेल्या चुलतभावाने चिऱ्याचं घर बांधलं की ते डोळ्यांत सलतं. उपेक्षेचाही अर्थ तुच्छता नव्हे. वाईट वागणाऱ्याच्या खोडीला आपण खतपाणी घालायचं नाही, इतकंच.

बिबो
तत्त्वज्ञान बरा आसा, पण गडग्याचा (हद्दीच्या दगडी कुंपणाचा) काय?

निम्मी कटुता हद्दीची असते आणि ती गोड बोलून जात नाही. भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्दकायम मोजणी करून घ्या. मोजणीआधी लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. बहुतेक घरांत बिनसतं ते इथेच: शेजाऱ्याला पहिली खबर त्या कागदातून लागते. अर्ज करायच्या आदल्या दिवशी त्याच्या पडवीत जाऊन तोंडी सांगा, ‘मोजणी टाकतोय, तूही उभा राहा.’ दोन मिनिटांचं काम.

वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. संबंध बिघडायला नको म्हणून लोक गप्प बसतात, मुदत जाते, आणि मग तोच अबोला आयुष्यभर कुजतो. हक्क कागदावर मागावा. चहा विचारणं त्यासाठी थांबवायचं कारण नाही.

पाणंद
एक साधं कारण राहिलं: घाई. १९७३ मध्ये डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्र विद्यालयातल्या, म्हणजे पाद्री होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला. सवड असलेल्यांपैकी ६३ टक्के मदतीला थांबले, उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी फक्त १०. आता गणपतीत पाच दिवसांची रजा घेऊन आलेल्या चाकरमान्याचा विचार करा: आरत्या, बँक, तलाठी, परतीचं तिकीट. त्याचं तुसडेपण स्वभावाचं किती आणि घड्याळाचं किती?

सुरंगी
पटलं. पण सराव कसा करायचा?

खाजणकाठ
बौद्ध आचार्य बुद्धघोषांच्या विशुद्धिमग्ग या ग्रंथात मैत्रीभावनेचा, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याच्या सरावाचा, क्रम दिलाय. आधी स्वतः, मग आदर वाटणारी व्यक्ती, मग जिवलग, मग ना आवडती ना नावडती (रोज दिसणारा पाववाला घ्या), आणि सगळ्यात शेवटी वैरी. ‘सुखी असो, निर्वैर असो’ एवढंच मनात धरायचं. रोज पंधरा मिनिटं पुरे. लोक उत्साहाने थेट वैऱ्यापासून सुरुवात करतात, तिसऱ्या मिनिटाला जुना तंटा उकळतो, आणि ‘हे आपल्याला जमणारं नाही’ म्हणून सोडून देतात. राग आला की एक पायरी मागे यायचं. पाववाल्यापाशी महिना गेला तरी चालेल.

एवढं करूनही मन वळलं नाही तर त्याच ग्रंथात उपाय आहे: त्या वैऱ्याला काहीतरी द्या, किंवा त्याच्याकडून घ्या. मन तयार होण्याची वाट न बघता हात आधी पुढे करायचा. देणं मात्र लहान असावं. भारी भेटीचं ओझं होतं, आणि परतफेडीचा हिशेब नव्याने सुरू होतो.

सुरंगी
नागपंचमीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या चालतील? किती द्याव्यात?

बिबो
पाच. घरच्याच डब्यातून द्या, आणि डबा परत मागू नका. रिकामं भांडं परत करायचं नसतं हे त्यांनाही माहीत आहे. फणसाचे चार तळलेले गरे घालून स्वतः आणून देतील. महिनाभर डबा आला नाही तर गणपतीत दुसरा पाठवा. तोवर डब्याचा विषय काढायचा नाही.