राधानगरीचे दरवाजे काढा म्हणणाऱ्यांनो, एकदा धरणावर जाऊन या

भोगावतीकाठ
काल इथं एकानं लिहिलं की राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे जुनाट झालेत, कोल्हापूरचा पूर त्यांच्यामुळंच येतोय, आणि वर शाहू महाराजांनी नुसता पाया घातला, धरण सरकारनं बांधलं. वाचून डोकं फिरलं. 1902 ला महाराज विलायतेहून आले आणि त्याच साली पाटबंधाऱ्याचं धोरण काढलं, 1907 ला भोगावती नदीवरच्या धरणाचा निर्णय, लेकीच्या नावानं राधानगरी वसवली, 1909 ला काम सुरू. 1918 ला पैसा संपला तेव्हा भिंत 40 फुटांवर होती. एवढ्याशा संस्थानानं स्वतःच्या खजिन्यातनं केलेलं हे काम "नुसता पाया"? आणि दरवाजे म्हणाल तर पाणी 347.50 फुटाला लागलं की पाण्याच्या दाबानंच उघडतात, पातळी उतरली की मागच्या वजनानं मिटतात. लाईट लागत नाही, माणूस लागत नाही. धरणाजवळच्या दाजीपूरच्या पावसात लाईट किती टिकते ते तिकडच्या माणसाला विचारा.

चिखलीवाला
महाराजांबद्दल कोण काय बोलणार भावा, पण पाया काय न् भिंत काय, पूर्ण झालं ते स्वातंत्र्यानंतरच ना. आणि दरवाजे तुम्ही कौतुकानं बघताय, आम्ही ते उघडले म्हटलं की सामान माळ्यावर टाकतो. 2019 ला म्हसरांचे कासरे कापून दिले, आई होडीत बसायला तयार होईना. दार भिंतीच्या वरच्या अंगाला आहे, म्हणजे धरण भरल्याशिवाय ते पाणी सोडणारच नाही. चार दिवस आधी धरण खाली करून ठेवायचं तर हे दरवाजे काय कामाचे?

बावड्याचा शेतकरी
सातही दारं उघडली तरी प्रत्येकी 1428 म्हणजे दहा हजार क्युसेकच्या (सेकंदाला घनफूट) आत, वर वीजघराचं थोडं. पंचगंगेला मिळणाऱ्या कासरी, कुंभी, तुळशी या नद्यांचं पाणी कुठं धरलंय तुम्ही? धरणाच्या खाली पडणारा पाऊस? खरं दुखणं कर्नाटकातलं कृष्णेवरचं अलमट्टी धरण आहे. पाण्याची पातळी 519.60 मीटरवर असताना हे हाल आहेत आणि कर्नाटकला 524.256 करायचंय!

शिरोळची लेक
अलमट्टी अलमट्टी करून राजकारण्यांनी पंधरा वर्षं काढली. पुराचा अभ्यास करणाऱ्या सरकारी वडनेरे समितीनंसुद्धा 2019 च्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. निळ्या रेषेत, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या पूरपट्ट्यात, भराव टाकून अपार्टमेंट उभ्या केल्या, शिरोलीजवळ हायवेचा भराव पाणी अडवतोय, त्यावर बोला की.

बावड्याचा शेतकरी
ताई, शिरोळात राहून अलमट्टीची बाजू घेताय? नृसिंहवाडीच्या खाली कृष्णेला पाणी ढकलायला जागाच मिळत नाही तर पंचगंगा तुंबणारच. समितीला काय, पूर ओसरल्यावर चिखल कुणाच्या घरात असतो?

शिरोळची लेक
आमच्याच घरात असतो! म्हणूनच म्हणते. शेजारच्या राज्याला शिव्या घालून माझं घर कोरडं राहत नाही, भराव काढला तर राहील. आवाज माझ्यावर चढवू नका.

उसाचा मळा
पुराचं सगळ्यांना दिसतंय, मार्च-एप्रिलचं कुणी बोलत नाही. उपसाबंदी (नदीतनं पाणी उपसायला मनाई) लागली की आमच्या मोटारी बंद, उभा ऊस वाळतोय. नदीवर जागोजाग कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, त्यात पाणी राहतंय ते राधानगरीतनं सोडलं म्हणून. आणि वेळेत बरगे (बंधाऱ्यात पाणी अडवायच्या फळ्या) घालायला कुणी येत नाही, पावसाळ्याआधी काढायलाही नाही. तुम्ही आठ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) आधीच मोकळं करा म्हणताय, पाऊस दडी मारला तर पीक कोण देणार?

चिखलीवाला
सगळं मोकळं करा कोण म्हणालं? दीड-दोन टीएमसी जागा ठेवा एवढंच. उसाला पाणी पाहिजे, आम्हाला जीव पाहिजे.

भोगावतीकाठ
हे धरण शेतीसाठी बांधलेलं आहे, पूर अडवायला नाही. तरी खालनं जास्त पाणी सोडायची सोय वाढवा म्हणत असाल तर ठीक, त्यावर भांडत नाही. पण हे सात दरवाजे काढून मोटारीवर चालणारे बसवा म्हणाल तर विरोधच. डिसेंबर 2021 ला दुरुस्ती करताना सर्व्हिस गेट अडकलं, भर हिवाळ्यात नदीला पाणी वाढलं. ते दार यंत्रावर चालणारं होतं, स्वयंचलित न्हवं.

चिखलीवाला
बरं, दरवाजे राहू देत. सोय वाढवायचं ते मात्र नुसतं इथं लिहू नका, पुढच्या पाणी बैठकीत उभं राहून बोला.

बावड्याचा शेतकरी
आणि अलमट्टीचं पण बोला.