तीर्थन नदीवर मेंड (पाण्यावर पडलेली लाईन उचलून प्रवाहाच्या वर किंवा खाली टाकणं) मारला की फ्लायच (माशीसारखा बनवलेला गळ) ओढली जाते, उपाय काय?

सह्यकडा: हिमाचलमधली तीर्थन, गुशैणीच्या आसपासचं पाणी, ब्राउन ट्राउट. 9 फुटी 5 वेट रॉड, फ्लोटिंग लाईन, 9 फुटी 5 एक्स लीडर (लाईनच्या टोकाचा बारीक दोरा), 14 नंबरची ड्राय, म्हणजे तरंगणारी फ्लाय. मधे जोराची धार, पलीकडे खडकामागे संथ पाणी. फ्लाय तिथे दोन सेकंदही टिकत नाही, रेघ ओढत खाली पळते. प्रवाहाच्या वरच्या अंगाला मेंड मारला तर तीही फूटभर सरकते.

कोरडीमाशी: मेंड उशिरा होतोय. धारेने लाईनला पोट आणलं, म्हणजे ती मधेच खाली वाकवली, की ते सोडवताना फ्लाय हलणारच. लाईन पाण्यावर टेकताक्षणी मेंड करा. आधी रॉडचं टोक वर उचला, पोटाची लाईन पाण्यापासून सुटू द्या, मगच टोक वरच्या अंगाला अर्धगोल फिरवा. नुसता आडवा झटका दिला तर पाण्याला चिकटलेली लाईन थेट फ्लायला ओढते. टोक उचलतानाच हातातली फूट-दीड फूट लाईन ढील म्हणून सोडा. अलीकडे संथ आणि पलीकडे जोर असेल, तर मेंड उलटा, खालच्या अंगाला.

वरचीधार: त्यापेक्षा रीच कास्ट शिका, मेंड हवेतच होतो. लाईन पुढे फेकताना रॉड थांबवा, आणि लाईन हवेत असतानाच हात लांब करून रॉड प्रवाहाच्या वरच्या अंगाला झुकवा. त्याच वेळी लाईन बोटांतून सरकू द्या, नाहीतर फ्लाय अलीकडेच पडते. मग लाईन वाहील तसं टोक तिच्याबरोबर खाली न्या.

खडकामागे: दोन्ही बरोबर, पण तीर्थनसारख्या खडकाळ पाण्यात आधी अंतर कमी करा. फेसाळ पाण्याच्या आडोशाने खालच्या बाजूने 20-25 फुटांवर जाता येतं. तिथून रॉड उंच धरला की लाईन धारेला लागतच नाही, संथ पाण्यात फक्त लीडर राहतो. धार गुडघ्याच्या वर असेल तर मात्र उतरू नका, काठावरूनच टाका.
लीडरला 0.15 मिमीचं दोनेक फूट टिपेट (लीडर आणि फ्लायमधला बारीक दोरा) जोडा. ते सैल वळ्यांत पडतं आणि त्या वळ्या उलगडेपर्यंत फ्लाय मोकळी वाहते. दुपारी वारा सुटला तर हेच टिपेट गुंततं, तेव्हा कमी करा.

सह्यकडा: लाईनचं टोकही बुडतंय. त्याने फरक पडतो?

कोरडीमाशी: खूपच. बुडालेलं टोक उचलताना फ्लाय हलतेच. बहुतेक वेळा लाईनवर मळ असतो. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून मऊ फडक्याने पुसा.
फ्लायशेजारचा बुडबुडा बघत जा. दोघांचा वेग सारखा हवा. किंचित फरकही आपल्याला दिसत नाही, ट्राउटला दिसतो.

वरचीधार: ढील सोडली तशी गोळाही करायची. लाईन रॉडच्या हाताच्या तर्जनीखाली धरा आणि प्रवाहाच्याच वेगाने ओढत राहा. कमी ओढली तर मासा घेऊन सोडून देतो, गळ लागत नाही. जास्त ओढली तर पुन्हा ड्रॅग, म्हणजे फ्लाय लाईनबरोबर ओढली जाते. ढील उरलीच असेल तर चाव्याला रॉड छोट्या झटक्याने नाही, लांब आणि सलग उचला.