मदत हवी आहे : जीपीएस लावला की माउसचा बाण सैरावैरा पळतो

रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागांची मोजणी चालू आहे. विंडोज १० चा लॅपटॉप, यूएसबी-सिरियल केबल, जीपीएस रिसीव्हर ४८०० बॉडवर (डेटा पाठवण्याचा वेग).

रिसीव्हर जोडलेला ठेवून लॅपटॉप सुरू केला की बाण उड्या मारतो, आपोआप क्लिक होतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या यादीत ‘सिरियल बॉलपॉइंट’ दिसतो. रिसीव्हर दर सेकंदाला एनएमईएच्या (जीपीएसची माहिती पाठवायच्या ठरावीक पद्धतीच्या) ओळी पाठवत राहतो आणि पोर्ट तपासताना विंडोज त्यालाच जुना सिरियल माउस समजतं, एवढं कळलं आहे.

बॉलपॉइंट डिसेबल केला की थांबतं. (अनइन्स्टॉल करू नका, परत येतो.) पण केबल दुसऱ्या यूएसबी खाचेत लावली की नवा कॉम नंबर (पोर्टचा क्रमांक) आणि पुन्हा नवा बॉलपॉइंट! एफटीडीआय चिपच्या केबलला पोर्टच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘सिरियल एन्युमरेटर’ची (पोर्टला काय जोडलंय ते शोधणाऱ्या भागाची) खूण काढता येते, या केबलची चिप वेगळी, तिथे तो पर्यायच नाही.

आता रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदींत) सर्व्हिसेसखालच्या ‘सरमाउस’मध्ये, म्हणजे सिरियल माउसच्या ड्रायव्हरमध्ये, स्टार्टची किंमत ३ ची ४ (म्हणजे बंद) करायची आहे. यूएसबी माउसचा ड्रायव्हर वेगळा, त्यामुळे त्याची चिंता नाही. पण मोठ्या अपडेटनंतर ही ४ टिकते का? ज्यांनी केलं असेल त्यांनी कृपया सांगा. शेतात बांधावर उभं राहून रजिस्ट्री उघडणं जमत नाही.