अँप नंतर, आधी दार बघा

एका दादांनी विचारलंय, बोलेरो पिकअपला नवीन स्पीकरसोबत अँपही (आवाजाची ताकद वाढवणारा वेगळा अँप्लिफायर) घ्यावा का? माझ्या मते आत्ता नको. स्टिरिओवर ५०×४ वॅट छापलेलं असलं तरी सलग मिळतात चॅनेलमागे, म्हणजे एकेका स्पीकरला, १५-२०च. म्हणून स्पीकरच्या बॉक्सवरचे '३०० वॅट' सोडा, सेन्सिटिव्हिटी (कमी वॅटमध्ये किती मोठा वाजतो ते) ९० डेसिबलच्या वर आहे का ते बघा.

खरा फरक दारात पडतो. ट्रिम (दाराचं आतलं कव्हर) काढून आतल्या पत्र्यावर डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारी शीट) चिकटवा, स्पीकरच्या कडेला फोमची पट्टी लावा. खालची पाणी जायची भोकं मात्र बुजवू नका, नाहीतर घोडबंदर रोडच्या पहिल्याच पावसात दाराचा मासुंदा तलाव! स्क्रू आवळण्याआधी काच पूर्ण खाली करून मॅग्नेटला घासत नाही ना, बघाच. स्पीकरच्या वायरचं प्लस-मायनस एका बाजूला उलटं लागलं की बेस गायब. बरेच फिटर तिथेच घोळ घालतात आणि वर सबवूफर (फक्त बेससाठीचा वेगळा स्पीकर) गळ्यात मारतात.