मराठीत बोलक्या रेडिओचा अख्खा दिवस: घड्याळाला बांधावा की मोकळा सोडावा?

कानसेन:
नाटक, चर्चा, पुस्तकं आणि कला एवढंच देणारी एक मराठी वाहिनी हवी आणि ती घड्याळाला बांधलेली हवी, असं माझं ठाम मत आहे. नमुना म्हणून बीबीसी रेडिओ ४ घ्या. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ बातम्यांचा 'टुडे', दुपारी १ ला बातम्यांचाच 'वर्ल्ड अ‍ॅट वन', २ ला 'द आर्चर्स' मालिकेचा आदल्या संध्याकाळचा भाग, २:१५ ला बहुतेक दिवशी ४५ मिनिटांचं नाटक, संध्याकाळी ७ ला 'आर्चर्स'चा नवा भाग, पाठोपाठ सोमवार ते गुरुवार ७:१५ ला कलाविषयक 'फ्रंट रो'. खरी किमया दुपारी २ ते २:१५ मध्ये आहे. १९५१ पासून देशभर ऐकल्या जाणाऱ्या मालिकेचा श्रोता रेडिओ बंद करायच्या आत अनोळखी लेखकाच्या नाटकात शिरलेला असतो. अ‍ॅपवर यादी दिली की माणूस ओळखीच्या नावावरच बोट ठेवतो. नवा श्रुतिकाकार तिथे कुणाला सापडतच नाही.

मध्यमलहरी:
अजिबात पटलं नाही. घड्याळ नाटकाचा गळा धरतं. ४५ मिनिटांत इंग्रजीचे साधारण ७,००० शब्द बसतात. मराठी शब्द प्रत्ययांमुळे लांब, म्हणून आपले ५,००० च्या आसपास. नाटक ७० मिनिटांचं असेल तर कात्री लागते, आणि ती आधी विरामांना लागते. शिवाय प्रसारण कशावर? आकाशवाणीचं पुणे केंद्र ७९२, मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झ, दोन्ही मध्यम लहरी. तिथे शेजारच्या केंद्रांत ९ किलोहर्ट्झचं अंतर, त्यामुळे साडेचार किलोहर्ट्झच्या वरचा आवाज जवळपास पोचतच नाही. स, श, फ एकमेकांत मिसळतात, कुजबुज बुडते. वर एलईडी दिव्यांची आणि चार्जरची खरखर. नाटक अ‍ॅपवर ठेवा, हवं तेवढं लांब.

फेडर:
विरामांबद्दल सहमत. पण कुजबुज बुडण्याचं खापर लहरींवर फोडू नका, बहुतेक वेळा ध्वनिमुद्रणच चुकलेलं असतं. कुजबुज म्हणजे कमी पातळी नव्हे. नटाला माइकपासून चार बोटांवर आणा, श्वास थेट जाळीवर पडणार नाही असं किंचित तिरकं उभं करा आणि पातळी नेहमीच्या संवादाएवढीच ठेवा. जवळीक कानाला तेवढ्यानं कळते. साधा संवाद वीतभर अंतरावरून. बाहेरून येणारं पात्र दोन मीटरांवरून बोलत बोलत माइकपाशी आणा. नुसता फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारी सरकती खुंटी, वर ढकलून ते जवळ येत नाही, कारण खोलीचा घुमारा तसाच राहतो. गच्चीवरचा प्रवेश छोट्या खोलीत केला की डब्यात बोलल्यासारखा वाटतो तो याच घुमाऱ्यामुळे. त्याला गाद्या-रजयांनी आवाज शोषणारा कोपरा करावा लागतो.

संहिता एकाच बाजूला छापा, पिना काढा, पान उलटताना वाक्य तुटू देऊ नका. कागदाची सळसळ संवादाखाली गेली की संकलनात निघत नाही. एकमेकांसारखा पोत असलेले दोन आवाज एका प्रवेशात घेऊ नका. आणि जे पात्र बराच वेळ बोलत नाही, ते श्रोत्याच्या लेखी खोलीतून निघून गेलेलं असतं. त्याला निदान एक हुंकार द्या. शेवटचं मिश्रण मोनोमध्ये, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करून, छोट्या स्पीकरवर तपासा.

गोलमेज:
हे सगळं करायला वेळ लागतो, आणि माझा आक्षेप तिथेच आहे. ४५ मिनिटांच्या नाटकाला ध्वनिमुद्रणाचे दोन दिवस धरा, संकलन वेगळं. रोजच्या रोज हे झेपत नाही, मग रिकामी वेळ चर्चेनं भरली जाते, कारण तिला एक टेबल आणि चार माइक पुरतात. चर्चाही नीट होत नाहीत. रेडिओ ४ वरच, १९९८ मध्ये सुरू झालेल्या 'इन अवर टाइम' या चर्चेच्या कार्यक्रमाची रचना बघा: एक विषय, एक सूत्रधार, साधारणपणे तीन अभ्यासक. आपण अर्ध्या तासात सहा पाहुणे बसवतो. परिचय वजा जाता प्रत्येकाला चार मिनिटं, म्हणजे प्रतिवादाला जागाच नाही. आधी आठवड्यातून दोनच तास द्या, पण चोख द्या.

कानसेन:
दोन तासांनी सवय लागत नाही, गोलमेज. आणि रोज नवं नाटक मी मागितलेलं नाही. आठवड्याला दोन नवी, दोन्हींचं एकेकदा पुनःप्रसारण, पाचव्या दिवशी संग्रहातली जुनी श्रुतिका. जुन्यांचे करार मात्र आधी तपासावे लागतील. त्यात पुनःप्रसारणाची आणि अ‍ॅपची परवानगी आहेच असं धरून चालणार नाही. ७० मिनिटांचं नाटक सलग दोन दुपारी द्यावं.

मध्यमलहरी:
दोन तुकडे केलेत तर दुसऱ्या दिवशी पात्रांची पुन्हा ओळख करून द्यावी लागते आणि ताण निसटतो. त्यापेक्षा शनिवारी रात्री बातम्यांनंतर ९० मिनिटं मोकळी ठेवा. नाटक ७० मिनिटांचं निघालं तर उरलेल्या २० मिनिटांत लेखक आणि दिग्दर्शकाशी चर्चा. हे मान्य असेल तर घड्याळाला माझा विरोध अर्धाच उरतो. दुपारी सव्वादोनच्या वेळेला मात्र तो कायम आहे.