नवीन अलॉय बसवल्यापासून चाकाचे नट सैल होतायत, काय काय बघू?

सुरूरफाटा
मंडळी, जरा मदत हवी आहे. गाडी २०१४ ची होंडा सिटी. दिवाळीत हौस म्हणून लोखंडी १५ इंची रिम काढून बाजारातले १६ इंची अलॉय (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे रिम) बसवले, टायर १८५/५५. नट जुनेच लावले. दुकानदार म्हणाला, "कंपनीचे नट आहेत साहेब, याहून चांगले कुठे मिळणार?" मलाही पटलं.

आठ दिवसांनी पुण्याहून वाईला निघालो. खंबाटकी उतरून सुरूर फाट्याला वेग कमी केला, तर डाव्या पुढच्या चाकातून टक... टक... टक. गाडी बाजूला घेऊन कॅप काढली, तर चारपैकी दोन नट बोटांनी फिरले! आई मागच्या सीटवर होती, तिला सांगितलं हवा बघतोय. डिकीतला पान्हा लावला, त्यावर उभा राहून आवळले आणि वाई गाठली.

तेव्हापासून तीनदा तेच. दुकानात नेली की नट आवळायच्या हवेच्या गनने टर्रर्र करून देतात, दोन-अडीचशे किमीत परत सैल. मित्र म्हणतो बेअरिंग गेलं. रिम बदलू, स्टड (नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा) बदलू की गाडीच विकू?

बिनधास्तगडी
आट्यांना लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा गोंद) लाव, विषय संपला.

आटेदार
विषय संपेल खरा, पण भलत्या अर्थाने. चाकाच्या नटांना ते लावायचं नसतं. आणि तेल-ग्रीसही नको. आटे गुळगुळीत झाले की तेवढ्याच जोरात स्टड जास्त ताणला जातो.

सुरूरफाटा, आधी एक करा. जुने लोखंडी रिम असतील तर आजच परत चढवा. अलॉयवर गाडी हलवू नका, कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही नाही.

आता मूळ दुखणं. मला बेअरिंगची शंका वाटत नाही. बेअरिंग गेलं तर घुंऽऽ असा आवाज येतो, नट सैल होत नाहीत. तुमच्या नटाचं बूड बघा. होंडाच्या मूळ नटाचं बूड गोल असतं, लिंबाच्या टोकासारखं. बाजारातल्या बहुतेक अलॉयची भोकं ६० अंशांच्या सरळ उताराची असतात, नरसाळ्यासारखी. नरसाळ्यात गोटी ठेवली तर ती सगळीकडे टेकते का? एका रेघेवर टेकते. सगळा दाब त्या दोऱ्याएवढ्या रेघेवर येतो, खाली मऊ ॲल्युमिनियम, ते दबतं. ते केसभर दबलं तरी ताण गेला.

नट म्हणजे चाक अडवणारी खुंटी नव्हे. तो स्टडला स्प्रिंगसारखा ताणून धरतो, त्या ताणाने रिम हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गाडीच्या भागावर, दाबली जाते आणि चाक टिकतं ते त्या दोन पृष्ठभागांच्या घर्षणावर. त्यामुळे तुम्ही कितीही आवळा, बूड जुळत नसेल तर परत सैल होणारच. तुमच्या दुकानदाराचं म्हणणं अर्धं बरोबर: नट चांगलेच आहेत, पण दुसऱ्या रिमसाठी.

खात्री हवी तर कुंकवात तेलाचा एक थेंब घालून नटाच्या बुडाला पुसट लावा, रिम जमिनीवर ठेवून नट भोकात हलकेच बसवून फिरवा आणि काढून बघा. पट्टा उमटला तर ठीक, नुसती रेघ उमटली तर चोर सापडला. नंतर ते तेल स्वच्छ पुसा.

कोथरूडचा चाकवाला
+१. शिवाय रिमचं हबवर बसणारं मधलं भोक बघा. सिटीचा हब ५६.१ मिमीचा. बाजारातली रिम अनेक गाड्यांना चालावी म्हणून मधे ७३.१ वगैरे ठेवतात. मधली पोकळी भरायला प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची हबरिंग येते, बाहेरून ७३.१, आतून ५६.१. ती नसेल तर चाक मधोमध बसवायचं काम नटांवरच पडतं. ८०-९० ला स्टीअरिंग थरथरतं का?

डेपोतले काका
मी एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य घालवलं, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहितो.

पान्ह्यावर उभं राहायचं नाही, बाळा. तुझं वजन ६० किलो आणि पान्हा ३० सेंमी धरला तर १७५ न्यूटन-मीटरच्या वर जोर गेला. तुझ्या गाडीला हवेत १०८. म्हणजे त्याच पान्ह्याच्या टोकाला ३६-३७ किलोच. गनने तर कोण किती मारतो, देव जाणे. स्टड एकदा जास्त ताणला की रबर सैल पडल्यासारखा होतो, मग पकड धरत नाही. ज्या चाकाचे नट सैल असताना गाडी चालली, त्याचे चारही स्टड बदल, फक्त दोन नव्हे. रिमची भोकं लांबट झाली असतील तर ती रिम भंगारात.

डावंच चाक का, असं वाटलं असेल. डावं चाक बाहेरून पाहिलं तर पुढे जाताना घड्याळाच्या उलट फिरतं, आणि सरळ आट्याचा नट सुटतोही त्याच दिशेला. म्हणून काही जुन्या ट्रकांना डावीकडे उलटे आटे असायचे. पण ताण नीट असला की नट ऐकतो, बाजू कुठलीही असो.

आणखी एक. हबचा गंज तारेच्या ब्रशने साफ कर. रिमच्या मागच्या बाजूला किंवा भोकाच्या उतारावर जाड रंग असेल तर तोही दबतो आणि नट ढिला होतो. आवळून झाल्यावर नटापासून रिमपर्यंत पांढऱ्या रंगाची रेघ मार. रेघ तुटलेली दिसली की कळलं. फुकटचं काम.

पोलोवाली
माझ्याकडे नट नाहीत, बोल्ट आहेत, पण गोष्ट तीच. पोलोचे मूळ बोल्टही गोल बुडाचे. मी अलॉयबरोबर १० मिमीचे स्पेसर (रिम आणि हबच्या मधे घालायच्या चकत्या) घातले आणि बोल्ट जुन्याच लांबीचे ठेवले. फिटरने आटे किती धरले ते मोजलंच नव्हतं. स्टडच्या किंवा बोल्टच्या जाडीइतके तरी आटे आत जायला हवेत. सिटीला १२ मिमीचा स्टड आणि १.५ चा आटा (एका फेऱ्यात नट १.५ मिमी सरकतो), म्हणजे नट हाताने निदान आठ फेरे फिरला पाहिजे. उलटही होतं बरं का! बंद टोपीचा नट आखूड असेल तर स्टडचं टोक आत टोपीला टेकतं, पान्ह्याला घट्ट लागतं आणि चाक मात्र मोकळंच.

सुरूरफाटा
सगळ्यांचे आभार, विशेषतः काकांचे. (उभा राहिलो होतो तेव्हा ७८ किलो होतो, हिशोब करत नाही.)

शनिवारी रिम काढून अंगणात ठेवली आणि कुंकवाचा प्रयोग केला. बायको म्हणाली, सत्यनारायण कधी आहे? नट काढला तर लाल रंगाची शिवणीच्या दोऱ्याएवढी एक रेघ, बाकी बूड कोरडं. भोकातही त्याच जागी चकचकीत ओरखडा होता, आजूबाजूचा काळा रंग तसाच. पुढच्या डाव्या रिमची दोन भोकं कडेला किंचित लांबट झाली होती, ती रिम बाद. हबरिंग तर नव्हत्याच.

नाना पेठेत ६० अंशांचे, १२ बाय १.५ चे सोळा नट मिळाले. दुकानातल्या म्हाताऱ्याने विचारलं, "बूड कसलं हवं?" हा प्रश्न आजवर कुणी मला विचारला नव्हता. हबरिंग ऑनलाइन मागवल्या. चारही स्टड गॅरेजमध्ये बदलून घेतले. टॉर्क रेंच (ठरवलेला जोर झाला की कट वाजणारा पान्हा) विकत घेतला, गाडी जॅकवर असताना समोरासमोरचे नट आलटून पालटून हलके आवळले, चाक जमिनीवर टेकवून १०८ ला कट आवाज येईपर्यंत. १०० किमीनंतर तपासलं, एकच नट अगदी किंचित फिरला. ३०० ला एकही नाही, पांढऱ्या रेघा सरळ.

दुकानदाराला बाद रिमचे पैसे मागितले. "वॉरंटी फिटिंगला नसते" म्हणाला. आता चौथी रिम त्याच डिझाइनची मिळत नाहीये. मागे एक जुनी लोखंडी चालेल का, की दोन्ही मागची सारखी हवीत?

डेपोतले काका
मागची दोन्ही सारखी ठेव, दोन्ही लोखंडी. आणि त्या दोघांना तुझे जुने गोल बुडाचे नट लाव, नवीन नव्हे!