मदत हवी आहे : स्वतःचे सलून, पण जागा कोणती घ्यावी?

नमस्कार. मी पुण्यात हेअरस्टायलिस्ट आहे. मुलगी झाल्यापासून शनिवार-रविवारी रात्रीपर्यंत थांबणे जमत नाही, आणि आमच्या व्यवसायात खरी गर्दी नेमकी तेव्हाच असते. म्हणून कोथरूड किंवा कर्वेनगरमध्ये, आधी वेळ ठरवून येणाऱ्यांसाठीच, दोन खुर्च्यांचे सलून काढण्याचा विचार आहे. कामगार अगदी थोडे असल्यास २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार नोंदणीऐवजी केवळ सूचना द्यावी लागते, हे समजले. अडचण जागेची आहे: तळमजल्याच्या सदनिकेत सलून चालवायचे असल्यास सोसायटीच्या ना-हरकत पत्राखेरीज महापालिकेची कोणती परवानगी लागते, की भाडे जास्त असले तरी गाळाच घेणे बरे? शिवाय मुद्रा योजनेतील ५०,००० रुपयांपर्यंतच्या ‘शिशु’ कर्जात माझे भागणार नाही. त्यापुढच्या, मोठ्या कर्जाच्या ‘किशोर’ गटातून सलूनसाठी कोणी कर्ज घेतले असल्यास, बँकेने कोणती कागदपत्रे मागितली ते कृपया सांगावे.